सुधाकरची लोखंडी टाकी

कामणला गोडाऊनांच्या रांगेमागे सुधाकरचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. कंप्रेसरच्या टाक्या दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नाही. टाकी कितीही ओळखीची असो, आधी तिच्यात काठोकाठ पाणी भरायचं, मग हातपंपाने दाब द्यायचा. पाण्याची टाकी फाटली तर नुसती गळते. हवेची फाटली तर माणूस घेऊन जाते. त्याचा भागीदार केनी असाच गेला. गिऱ्हाईक घाई करत होतं, म्हणून त्याने एकदाच पाणी टाळलं होतं.

सुधाकरची मुलगी रिद्धी इंजिनीयरिंगच्या शेवटच्या वर्षाला. पुण्याच्या स्पर्धेसाठी तिच्या टीमने हवेच्या दाबावर चेंडू फेकणारा रोबो बांधला होता. वजनाची मर्यादा पंचवीस किलो. म्हणून हवा साठवायला कोल्ड्रिंकच्या दोन रिकाम्या बाटल्या लावल्या होत्या.

"असल्या बाटलीत सहा बार दाबाची हवा? वेड लागलंय का तुला?"

"सगळ्या टीम हेच वापरतात, पप्पा. तुम्ही एकदा पाणी भरून दाब देऊन तर बघा."

"बाटलीला कसली परीक्षा? लोखंडाची टाकी देतो, ती लाव."

"दीड किलो वाढेल. वजनातच बाद होऊ आम्ही."

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. सुधाकरने ताक ओतूनच दिलं. रोबो लाकडी पेटीत भरायचं काम त्याच्याकडे होतं. टीम चहाला गेली तेव्हा त्याने बाटल्या नळीला जोडणाऱ्या पितळी जोडांसकट काढल्या, छोटी लोखंडी टाकी बसवली आणि पेटीचं झाकण ठोकलं. लेक रागावेल, पण धडधाकट परत येईल. त्याला फार बरं वाटलं.

पुण्यात पेटी उघडली. रोबो सव्वीस किलोच्या जवळ भरला. बाटल्या तिथेही मिळाल्या असत्या, पण जोड कामणला राहिले होते. वर्षभराचं काम एकही चेंडू न फेकता परत आलं.

रिद्धी ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला सोसलं असतं. "केनीकाकांनी पाणी टाळलं, पप्पा. तुम्हीही तेच केलंत," एवढंच म्हणाली आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपात त्याने त्यातली एक बाटली काठोकाठ भरली आणि पंप मारायला घेतला. सहा. आठ. आता तरी फुटावी, एवढीच त्याची इच्छा होती. दहावर त्याचा हात थांबला. बाटली जराशी फुगली होती, पण थेंबभर पाणीही बाहेर आलं नव्हतं.