जोड सुटला नव्हता

२०२५ साल, आणि मला त्र्याहत्तरावं लागलेलं. बाबालाल गेल्याचा निरोप आला तेव्हा मी ओसरीवर बसून कुबडीच्या टोकाचं झिजलेलं रबर बदलत होतो. शालन, माझी बायको, फोन हातात घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "आवं, फाट्यावरचं बाबालालभाऊ गेलं. झोपेतच." मी रबर बसवत राहिलो. ते बसेना. तिनं कुबडी माझ्या हातातून काढून घेतली, रबर बसवून दिलं आणि तशीच उभी राहिली. सहा वर्षं मी त्याच्याबद्दल कुणाजवळ बोललो नव्हतो, आणि शेवटचं जे बोललो होतो ते खोटं बोललो होतो...

बाबालाल आणि मी चौथीपर्यंत एका पट्टीवर बसलो. पुढं मी रानात गेलो आणि तो बापाच्या भात्यावर. बाप विळ्या-खुरप्यांना धार लावायचा, पोरानं वेल्डिंग शिकून फाट्यावर पत्र्याचं शेड टाकलं. गेट, जाळ्या, ट्रॉलीचे सांधे, काय म्हणाल ते. जोड मारून झाला की हातोडा ठोकायचा आणि कान लावून ऐकायचा. गिऱ्हाईक घाई करायला लागलं तर म्हणायचा, "थांब गड्या, लोखंड बोलतंय, तुझं नंतर ऐकतो." साखरेपायी माझ्या पायाची जखम भरेना म्हणून सांगलीला डावा पाय गुडघ्याखालून काढला, त्यानंतर रोज संध्याकाळी येऊन बसणारा हा एकटाच. बाकीचे भावकीतले एकदा फळं घेऊन आले आणि गेले.

माझी मोटारसायकल गोठ्यात उभी होती. ती विकायची म्हणून मी बाबालालला गिऱ्हाईक बघायला सांगितलं. तो गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आला. "इकतोस कशाला, हणम्या? पाय एक गेला, चाक एक वाढवू." मी म्हणालो, मला पांगळ्याची गाडी नको. तर म्हणतो, "पांगळा तर हाईसच. घरात बसणारा हुण्यापरीस हिंडणारा हो." राग आला, पण दुसऱ्या दिवशी मीच गाडी ट्रॉलीत घालून त्याच्या शेडात पाठवली. महिनाभर काम चाललं होतं. मागचं चाक काढून त्यानं अँगलची चौकट जोडली, तिला आडवा दांडा आणि स्कूटरची दोन चाकं बसवली. साखळी एकाच चाकाला दिली, दुसरं मोकळं, म्हणजे वळताना दोन्ही चाकं एकमेकांशी भांडायला नकोत. डावा पाय नाही म्हणून गिअरची दांडी हाताशी आणली. मी स्टुलावर बसून नको तिथं अक्कल शिकवत होतो आणि तो "व्हय, व्हय" म्हणत आपल्याला पाहिजे तेच करत होता. शेवटी मागं सिमेंटची सहा पोती टाकून त्यानं ती नांगरटीतनं फिरवली. एक सांधा हलला नाही.

गाडी ताब्यात देताना त्यानं एकच गोष्ट सांगितली. "दोन चाकाची गाडी वळणाला आपून वाकवतो. ही वाकत न्हाई. वेग कमी कर आन हँडलनं वळव." मी म्हणालो, "तीस वर्षं मोटारसायकल चालवलीय मी. तू मला शिकवणार?" तो हसला. "तीस वर्षं शिकलास तेच तर इसरायचं हाय."

आठवड्याच्या बाजाराचा दिवस होता. कॅनॉलच्या पुलावर सदूची चहाची टपरी, तिथं माणसांची ही गर्दी. कुबड्यांवर मला बघून ज्यांनी चुकचुक केली होती तेच सगळे तिथं बसलेले. मी उतारावरनं गाडी सोडली. मागं बाबालाल बसला होता. "हणम्या, कमी कर," तो म्हणाला. मी म्हणालो, "गप बस." वळण आलं तसं मी अंग टाकलं, तीस वर्षं टाकत आलो तसं. पण गाडी वाकली नाही. आतलं चाक उचललं, आणि टपरीसमोर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आम्ही दोघं डांबरावर. मला खरचटलं तेवढंच. बाबालालचा उजवा हात चौकटीखाली सापडला होता.

सदू धावत आला. "तात्या, काय झालं?" आणि मी म्हणालो, "जोड सुटला." कुणी विचार करून बोलतं तसं ते नव्हतं. पडलेला माणूस हात टेकतो तसं तोंडातून आलं. पण नंतर ते परत घ्यायला सहा वर्षं होती, आणि मी घेतलं नाही, त्याला काय म्हणायचं? सदूनं बाबालालला विचारलं, "व्हय रं, जोड सुटला?" तो मनगट धरून रस्त्यात बसला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता सांगतो. तो म्हणाला, "आसंल."

गाडी मी कुणाला खालून बघू दिली नाही. तशीच घरी आणून गोठ्यात ताडपत्रीखाली घातली. तिकडं बाबालालची बोंब झाली. त्याचं काम कच्चं, म्हातारा मरता मरता वाचला, असं लोक बोलू लागले. पाटणकडची एक अंगणवाडीची बाई, पोलिओनं दोन्ही पाय गेलेली, तिनं आपली स्कूटर अशीच करायला त्याच्याकडं ठेवली होती. तिचा भाऊ टेम्पो घेऊन आला आणि स्कूटर उचलून घेऊन गेला. पुढं गेटंही येईनाशी झाली. मनगट वाकडंच जुळलं. दोन वर्षांत शेड बंद झालं आणि बाबालाल रोज सकाळच्या एसटीनं माधवनगरला दुसऱ्याच्या वर्कशॉपात मजुरीला जायला लागला.

माझं काय? ती गाडी मला वापरता येईना. चालवली असती तर जोड शाबूत आहेत हे शेंबड्या पोरानंही ओळखलं असतं. म्हणून मी कुबड्यांवर फिरलो. शालननं एकदा ताडपत्री वर करून वाकून बघितलं. बाहेर येऊन म्हणाली, "आवं, एकदा तोंड उघडा की." मी म्हणालो, तू तुझं काम बघ. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

शेवटचा तो मला भेटला एसटीच्या थांब्यावर. मी सांगलीला साखर तपासायला निघालेलो. माझ्याजवळ येऊन बसला. "कुबडीनं खांदा धरतो का रं?" मी म्हणालो, न्हाई. धरत होता. त्या दिवशी एसटी अर्धा तास उशिरा आली. अर्धा तास आम्ही दोघंच होतो, तिसरं माणूस नव्हतं... आणि मी उसाच्या तोडीचं बोलत बसलो.

दफनाला मी एका हातानं माती दिली. तिसऱ्या दिवशी जियारतीच्या दुव्याला त्याच्या घरी गेलो. माणसं पांगल्यावर हाजराभाबी, त्याची बायको, चहा घेऊन आली. मी खाली बघत होतो. ती म्हणाली, "भाऊजी, ती गाडी हाय का अजून?" हाय म्हणालो. "त्यांना सगळं म्हाईत हुतं. तुमचं नाव कुणापुढं घेतलं न्हाई त्यांनी. घरात तेवढं म्हणायचं, हणम्या उगंच कुबड्या झिजवतोय. त्यानं गाडी चालवली आसती तर मी काय कुणाला बोललो आसतो?" असं म्हणून तिनं चहा पुढं केला. तो चहा मी प्यालो कसा, मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यातली ताडपत्री ओढून काढली. सहा वर्षं उभी गाडी, चालू कुठली होणार. शालननं चाकांत हवा भरवून घेतली, पुतण्याच्या ट्रॅक्टरला दोर बांधला आणि मी हँडल धरून वर बसलो. कॅनॉलच्या वळणावर पुतण्याला ओरडून सांगितलं, हळू घे. टपरीपुढं पोचलो तेव्हा सदू कपबश्या विसळत होता. मी उतरलो, कुबड्या घेतल्या आणि तिथल्या चौघांना म्हणालो, "ही उताणी करा." त्यांनी केली. सदूनं खांद्यावरच्या फडक्यानं माती पुसली आणि एकेका जोडावरनं बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं.

"तात्या, सगळं हाईत की जागच्या जागी. मग त्या दिवशी काय झालं हुतं?"

"त्यानं सांगितलं हुतं, वेग कमी कर," मी म्हणालो. "मला चालवता आली न्हाई."