आप्पांची गिटार

आप्पा मयेकर बोटीवर स्वयंपाकी होते. अमेरिकेतल्या एका बंदरात ब्लूज वाजवणाऱ्या म्हाताऱ्याने त्यांना आपली जुनी इलेक्ट्रिक गिटार दिली होती. तिच्यावर त्याची सही होती, आणि वर्षानुवर्षं मनगट घासून एका जागचा रंग पार उडाला होता. आप्पा तिथेच मनगट टेकवून शिकले. निवृत्तीनंतर रत्नागिरीच्या घरी रोज संध्याकाळी पडवीत वाजवत बसायचे.

यंदा ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले, तेव्हा जावई नितेशने गिटार मिरजोळ्याला आपल्या रंगाच्या वर्कशॉपमध्ये नेली. आप्पा घरी आले तर गिटार लालभडक, चकचकीत.

"कशी वाटते, आप्पा? दोन दिवस स्वतः खपलोय."

"आणि सही?"

"ते खरवडल्यासारखं होतं ते? सगळं घासून काढलं. त्याशिवाय रंग बसत नाही."

नितेश इतका खुशीत होता की आप्पांना रागावता येईना. सही करणारा म्हातारा तर केव्हाच गेला होता.

"छान केलंत, नितेशराव," ते म्हणाले.

त्यांच्या मुलीला, श्रद्धाला, बापाचा आवाज कळला. ती नवऱ्याला काही बोलणार, तोच आप्पांनी मानेनेच तिला नको म्हटलं आणि गिटार मांडीवर घेतली. रंगाचा वास अजून गेला नव्हता.