तीन मिनिटांचा डाव, बिनसाखरेचा चहा

एका दुष्काळात मी गणपतीला नवस बोलले होते. आमचे हे आणि माझे धाकटे दीर सुदामभाऊजी एकमेकांशी बोलेपर्यंत गोड खायचं नाही, चहासुद्धा बिनसाखरेचा. त्या वर्षांत आमच्या संभाजीनगरात नव्या इमारती रोज दिसायच्या, नळाचं पाणी मात्र आठवड्यातून एकदा. पिंपं कोरडी राहायची. किस्से तेवढे साठत गेले, आणि नवल म्हणजे सगळे बुद्धिबळाचे!

भांडण बोअरचं होतं. बिडकीनच्या शेतातली विहीर आटली, तेव्हा दोघं भाऊ तळहातावर नारळ घेऊन शेतभर फिरले. खाली पाणी असेल तिथं नारळ उभा राहतो, असं आमच्याकडे मानतात. नारळ उभा राहिला, मशीन लागली आणि निघाला नुसता धुरळा.

"जागा तू दाखवलीस," हे म्हणाले.

"म्या नाय दादा, तू दाखवली," भाऊजी म्हणाले. तेव्हापासून अबोला.

माझ्याशी मात्र भाऊजी बोलत. ते बिडकीनलाच राहत; शेतात काम नव्हतं, दुपार सरत नसे. त्यांनीच मला फोनवर तीन मिनिटांचं बुद्धिबळ शिकवलं: सगळ्या चालींना मिळून ज्याला त्याला तीनच मिनिटं, वेळ संपला की हरलात. अट एकच. "वहिनी, हरलेला डाव पाहिल्याबिगर नवा डाव नाय. अन् आधी आपली चूक मोठ्यानं सांगायची. समोरच्याचं मागून."

मला सवयच व्रतांची. हेही घेतलं. डाव झाला की भाऊजींचा फोन यायचा, मी तो स्पीकरवर ठेवायची आणि आमची तपासणी चालायची. सुट्टीच्या दिवशी हे शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसायचे. पान काही उलटायचं नाही.

✻

सुरुवातीला मी जिंकत आलेले डाव हरायची, कारण माझा वेळ संपायचा. कुठल्या चालीला किती सेकंद गेले ते फोन दाखवतो. भाऊजी ते बघून चक्रावले.

"वहिनी, इथं प्यादं मारायचं होतं, दुसरी चालच नाय. मग एवढा वेळ कशापायी?"

"नमस्कार करते."

"दर चालीला?"

"हो."

"देवाला सुरुवातीलाच सांगून टाका की. त्याच्या ध्यानात राहतं!"

✻

माझं पाहून शेजारच्या शबानाभाभीही शिकल्या. त्यांच्याशी मी बरी खेळायची, पण मधूनच एखाद्या दिवशी सपाटून हरायची. कारण कळेना. मग हरलेले सगळे डाव एकामागून एक काढून पाहिले, तर एकूणएक एकादशीचे! त्या दिवशी समोरचं मोहरं मारायला माझा हातच धजत नसे. समोर वजीर फुकट उभा असला तरी मी आपली बाजूनं जायची.

चूक सापडली, तशी सांगायला भाभींकडे गेले. त्या गच्चीवर पापड वाळत घालत होत्या.

"भाभी, यापुढं एकादशीला मी खेळणार नाही."

त्यांचा चेहरा पडला. "ऐसा मत करो. उसी के लिए तो मराठी कॅलेंडर लाई मैं."

✻

याच भाभींशी एकदा डाव ऐन रंगात आला आणि नळाला पाणी आलं. मी चाल केली आणि पाईप लावायला धावले. परत येते तर मी जिंकलेली! भाभीही पाण्याकडे धावल्या होत्या आणि त्यांचा वेळ संपला होता.

तपासणीत दिसलं, दोन चालींत माझ्यावर मात होती. मी त्यांना तसं सांगितलं.

"फिर तो मैं जीती."

"पिंप भरलं का?"

"भर गया."

"मग जिंकलातच."

✻

हळूहळू माझ्या जुन्या चुका गेल्या. नव्या आल्या, पण त्या निदान नव्या होत्या. वजीर उगाच लवकर बाहेर काढायची खोड सुटली, राजा वेळेवर कोपऱ्यात जाऊ लागला.

एका डावात मात्र चूक काही सापडेना. भाऊजी फोनवर थांबून राहिले. तेवढ्यात पेपरामागून आवाज आला, "घोडा."

"कोण बोललं?" भाऊजींनी विचारलं.

मी गडबडले. "टीव्ही."

मग भाऊजी म्हणाले, "टीव्हीला सांगा, बरोबर हाय."

✻

पुढची संकष्टी सुट्टीच्या दिवशी आली. दुपारी मी देवघरात दूर्वांच्या जुड्या बांधत बसले होते. फोन बाहेर चार्जिंगला होता. भाऊजींनी डाव लावल्याचं मला ठाऊकच नव्हतं. माझ्या नावानं हेच खेळले आणि हरले.

लगेच फोन वाजला. ह्यांनी उचलून स्पीकरवर ठेवला. भाऊजींचा आवाज आला, "वहिनी, आज काय झालं? हत्ती फुकट दिला तुम्ही. सांगा, चूक कुठं झाली?"

मी हातातली दूर्वा तशीच धरून बसले. ह्यांनी घसा खाकरला.

"जागा मी दाखवली होती."

 

"दादा," भाऊजी म्हणाले, "म्या हत्तीचं इचारत होतो."

"तोपण मीच दिला."

त्या दिवशी माझा चहा ह्यांनी केला. इतका गोड की घोट गिळवेना. मी सगळा प्याले.

तुम्हीही आज कोणाशी तरी एक डाव लावा. हरलात, तर फोन लगेच ठेवू नका.