माळवदावरून मोजलेलं घर

खिल्लारे साहेबांची आणि माझी पहिली ओळख एका कापडी टेपच्या दोन टोकांना झाली. सत्तरच्या दशकात मी नगरपालिकेत कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झालो, त्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हा गौरवग्रंथ ज्यांच्या हाती पडेल त्यांतले निम्मे त्याच गावची घरपट्टी भरतात. मी रोज चुडाव्याहून गाडीनं यायचो. मुख्याधिकाऱ्यांनी मला करविभागात, आकारणी लिपिक श्री. लिंबाजीराव खिल्लारे यांच्या हाताखाली दिलं. साहेबांनी टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि कचेरीचा व्हरांडा मोजायला लावला. मी टेप धरली ती झोळीसारखी. ते म्हणाले, "कदम, ताठ धरा. ढिल्ल्या टेपनं खोली मोठी भरती. फुकट कुणाला तरी जास्तीची पट्टी बसल." व्हरांड्याला कुठली आलीय पट्टी, असं मनात म्हटलं. पण टेप ताठ धरली.

साहेबांच्या अमृतमहोत्सवानिमित्त गौरवसमितीनं माझ्याकडे 'दोन शब्द' मागितले आहेत. दोन शब्दांत मावेल एवढं थोडं काम त्यांनी केलेलं नाही, आणि दोन शब्दांत उरकायची मला सवय नाही. शिवाय एक गोष्ट गेली चाळीसेक वर्षं माझ्याकडे पडून आहे. ती इथं सांगणार आहे. समितीला पटलं नाही तर लेख परत करावा, पण मधली ओळ गाळू नये.

साहेबांचे वडील पूर्णा जंक्शनवर रेल्वेत गँगमन होते. छप्पन साली त्यांनी धम्म स्वीकारला आणि मुलाला शाळेतून काढायचं नाही असं ठरवलं. साहेब मॅट्रिक झाले, नगरपालिकेत लागले. अक्षर असं की अध्यक्ष आपली भाषणंसुद्धा त्यांच्याकडूनच लिहून घेत. कचेरीत त्यांना सगळे मान देत. पण कचेरीत नुसतं बसून घरपट्टी आकारता येत नाही. त्यासाठी घरं मोजावी लागतात, आणि घरं मोजायची तर घरात जावं लागतं.

आता त्या वेळचं गाव कसं होतं ते नव्या वाचकांसाठी सांगतो. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागं नगरपालिकेची मोकळी जागा होती. अंदाजपत्रकात तिच्या नावानं 'सार्वजनिक बाग' असं लेखाशीर्ष दर वर्षी असायचं. कागदावर बाग फुलायची आणि जागेवर बाभळी वाढायच्या. निधी कुठंय असं विचारलं की उत्तर ठरलेलं, घरपट्टीची फेरआकारणी झाली की बघू. अखेर फेरआकारणीचा ठराव झाला. साहेबांना एवढा आनंद झालेला मी आधी पाहिला नव्हता. "बाग व्हायलीय, कदम," म्हणाले, "पण घरं खरी मोजली तरच."

पहिल्याच गल्लीत गाडी अडली. घरमालक दारात उभे राहून हसून म्हणाले, "तुमी इथंच ओसरीवर बसा साहेब. ह्या कदमाला जाऊ द्या की आत." कुणी अपशब्द काढला नाही. पाणी विचारलं, तेही ओसरीवरच, आणि वरून ओंजळीत घातलं. स्वयंपाकघर आणि देवघर मोजायला मी आत जायचो, टेपचं दुसरं टोक घरातलंच कुणीतरी धरायचं, मी आकडे ओरडून सांगायचो आणि साहेब ओसरीवर बसून लिहायचे. खाली सही त्यांची. अशा गल्ल्यांमागून गल्ल्या झाल्या. मला ते विचित्र वाटलं का? खरं लिहायचं तर वाटलं नाही. आमच्या घरीही असंच होतं.

साहेबांची आणखी एक रीत होती, ती ऐकून बाहेरगावचे लिपिक कपाळाला हात लावायचे. आकारणीची यादी लागली की लोकांना हरकत घेता येते. ज्यांना लिहिता येत नाही ते अर्ज कुणाकडून लिहून घेणार? साहेब संध्याकाळी कचेरीच्या पायरीवर बसायचे आणि स्वतःच्याच आकारणीविरुद्धचे अर्ज स्वतःच लिहून द्यायचे. माणूस सांगेल ते, जसंच्या तसं. एकदा एका म्हाताऱ्यानं 'आकारणी लिपिक आंधळा आहे' असं सांगितलं. साहेबांनी तेही लिहिलं आणि शांतपणे विचारलं, "एका डोळ्यानं का दोन्ही?"

आता माझ्या गोष्टीकडे येतो. मोंढ्यात आडत दुकान असलेले दत्तूमामा हे माझ्या आईचे चुलतभाऊ. मला नोकरी लागली ती त्यांनी शब्द टाकला म्हणून. त्यांच्या घराची पाळी आली तेव्हा साहेब नेहमीसारखे ओसरीवर बसले. मी आत गेलो. टेपचं दुसरं टोक मामांनीच धरलं. माजघर झालं, स्वयंपाकघर झालं, देवघर झालं. त्याच्या मागं दोन नव्या खोल्या होत्या, चांगल्या ऐसपैस, पोत्यांनी भरलेल्या. मी टेप उलगडली तर मामांनी आपलं टोक सोडून दिलं. "रंगनाथ, ह्या कशाला सांगायलास? ते बाहेर बसलंय, त्याला काय दिसायलंय? आणि तुला इथं चिकटवला कुणी?"

मी टेप गुंडाळली आणि देवघरापर्यंतचे आकडे सांगितले. साहेबांनी लिहून घेतले आणि खाली सही केली.

यादी लागली. हरकतींच्या सुनावणीच्या दिवशी अर्ज मोठ्यानं वाचायचं काम माझ्याकडे होतं. मुख्याधिकारी, दोन सभासद, समोर गर्दी. चौथा की पाचवा अर्ज जैनबबींचा निघाला. ही मामांची शेजारीण, नवरा वारलेला, एका खोलीत शिवणकाम करून राहायची. मी वाचायला लागलो: माझ्या एका खोलीची पट्टी वाढविली आहे, शेजारच्या घरात मागील बाजूस दोन नव्या खोल्या असून त्यांची नोंद आकारणी लिपिकाने केलेली नाही. खाली अंगठा होता, आणि अक्षर खिल्लारे साहेबांचं!

अर्जावरची तारीख आठ दिवसांपूर्वीची होती. म्हणजे साहेबांना आठ दिवसांपासून ठाऊक होतं. स्वतःवरचा आरोप त्यांनी स्वतःच्या हातानं, मोत्यासारख्या अक्षरात लिहून दिला होता. आठ दिवस ते माझ्या शेजारच्या टेबलावर बसले, चहा पाजला, आणि एक अक्षर बोलले नाहीत. मी बोलेन म्हणून वाट बघत होते, हे मला तिथं उभा असताना कळलं.

मामा उठले. "साहेब, मी कशाला लपवू? हे खिल्लारे घरात आलेच न्हाईत. ओसरीवर बसून लिवून घेतलं. मोजायचं काम त्यांचं का माझं?"

ज्यानं आत येऊ दिलं नाही तोच म्हणत होता, हा आत आला नाही! त्या खोलीतल्या प्रत्येकाला कारण माहीत होतं. कुणी खाकरलंसुद्धा नाही. मुख्याधिकारी बाहेरगावचे. त्यांनी विचारलं, "खिल्लारे, तुम्ही आत गेला नव्हता?"

"न्हाई, साहेब."

"मग मापं कुणी घेतली? काही देवघेव झाली असेल तर आत्ताच सांगा. नोकरी जाईल."

माझं नाव घ्यायला त्यांना एक क्षण पुरला असता. मी मूग गिळून उभा होतो. वडील आजारी, नोकरी कच्ची, नोकरी देणारा समोर. कारणं माझ्याकडे ढीगभर होती, आणि त्यातलं एकही पुरेसं नव्हतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "सही माझी हाय. पुन्हा मोजतो. आत्ता, सगळ्यांसमोर."

वरात मामांच्या दारात गेली. मामा आडवे उभे राहिले, "घरात सून बाळंत झालीय, पुरुष माणसांनी आत कसं जायचं?" सून माहेरी होती, हे मला ठाऊक होतं. मुख्याधिकारी घुटमळले. तेवढ्यात शेजारच्या दारातून जैनबबी म्हणाल्या, "हमारे माळवद पो से जाव ना साब. मजबूत हय, डरो नक्को."

आमच्याकडची माळवदं एकमेकांना लागून असतात, हे मराठवाड्यातल्या वाचकांना सांगायला नको. साहेब जैनबबींच्या शिडीनं वर चढले, मला हाक मारली, आणि आम्ही दोघं त्या मातीच्या सपाट छतावरून मामांच्या घरावर गेलो. मागच्या बाजूला दोन खोल्यांचे नवे पत्रे उन्हात चकाकत होते. खालची गर्दी अंगणात आली. साहेबांनी पुढून मोजणी सुरू केली. देवघरावर पाय पडला तसे मामा खालून ओरडले, "अहो अहो, खाली देव हायेत!"

साहेब कठड्यापाशी येऊन म्हणाले, "मला काय ठाऊक, मालक? मी आत कुठं आलतो!"

अंगणात हशा पिकला. मुख्याधिकारीसुद्धा हसले. साहेबांच्या सगळ्या नोकरीत मी ऐकलेला टोचून बोललेला शब्द हा एवढाच.

पत्र्यांच्या कडेला गेल्यावर आम्ही दोघंच होतो. साहेबांनी हळूच विचारलं, "कदम, त्या दिवशी ह्या खोल्या दिसल्या न्हवत्या का?"

मी म्हणालो, "दिसल्या होत्या."

त्यांनी टेपचं आपलं टोक पत्र्याच्या कडेला लावलं. मग म्हणाले, "टेप ताठ धरा."

त्यानंतर आजपर्यंत त्यांनी हा विषय काढलेला नाही. खाली उतरल्यावर चूक कशी झाली असं विचारलं गेलं, तेव्हा "ओसरीवरून दिसत न्हाईत साहेब, माझी नजरचूक" एवढंच त्यांनी सांगितलं. नोकरी वाचली. पण त्यांच्या सेवापुस्तकात ठपका लिहिला गेला आणि एक वेतनवाढ रोखली गेली. तो ठपका माझा होता. रंगनाथ कदमचा. समितीनं गाळू नये म्हटलं ती ओळ हीच.

पुढचं गावाला माहीत आहे. ज्या दारात अडवलं जाईल त्या घराच्या माळवदावर साहेब चढू लागले. देवांच्या डोक्यावरून माणूस चालण्यापेक्षा दारातून आलेला बरा, असं गावानं लवकरच ठरवलं. दारं उघडली. मनं किती उघडली ते मला सांगता येणार नाही, पण घरं खरी मोजली गेली. जैनबबींची पट्टी पहिल्यासारखी झाली. आणि पुढच्या अंदाजपत्रकात बागेसाठी खरी तरतूद झाली.

बाग झाली तेव्हा फाटकावरच्या पाटीचा मजकूर साहेबांकडे आला. इतर ठिकाणच्या पाट्या आपण पाहतो: फुले तोडू नयेत, गवतावर चालू नये, जनावरे आणू नयेत. साहेबांनी तेही लिहिलं, पण सगळ्यांत वर मोठ्या अक्षरात एक ओळ घातली, 'आत यावे.' एक सभासद म्हणाले, हे काय लिवलंय? बागेत लोक येणारच की! साहेब म्हणाले, "लिहिलेलं बरं असतंय." पाटी दोनदा रंगवून झाली, ओळ अजून तीच आहे. मोंढ्यातले हमाल, पूर्णेहून आलेले पाहुणे, शाळेतल्या बाई, जैनबबींची नातवंडं, सगळे त्या ओळीखालून आत जातात.

साहेबांच्या मायेबद्दल किती सांगू? माझे वडील अखेरच्या दुखण्यात होते तेव्हा दर रविवारी ते गाडीनं चुडाव्याला यायचे. येताना पोखर्णीच्या नरसिंहाचा अंगारा आणायचे. स्वतःचा विश्वास नव्हता, वडिलांचा होता म्हणून. वडिलांची खाट आम्ही ओसरीवर आणायचो. साहेब तिथं बसायचे. माझी आई चहा द्यायची, तो कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या कपात. मी तो कप बघायचो, साहेब बघायचे, आणि आम्ही दोघंही पाऊसपाण्याचं बोलायचो. त्यांच्या घरी मात्र मी त्यांच्या ताटाला ताट लावून किती वेळा जेवलो, त्याची गणती नाही.

आई गेली. तो कप मी फोडून टाकला. मग घर नवं बांधलं. साहेब अजूनही येतात आणि ओसरीवर बसतात. आत चला म्हटलं की म्हणतात, "इथं हवा लागती." मीही एकदाच म्हणतो आणि गप्प बसतो. ज्या माणसानं माझा ठपका आपल्या नावावर घेतला, त्याला माझ्या घराचं माजघर कसं आहे ते ठाऊक नाही. लाज वाटते लिहायला, पण खरं आहे.

आज साहेब पंच्याहत्तर वर्षांचे झाले. नजर शाबूत आहे, पाय थोडे दुखतात. त्यांना आणखी पुष्कळ आयुष्य मिळावं, गुडघ्यांनी साथ द्यावी आणि रोज संध्याकाळी बागेला एक फेरी व्हावी, ही आपणा सर्वांबरोबर माझीही इच्छा. त्या आयुष्यातला एक रविवार मला हवा आहे. साहेब, चुडाव्याला या. ह्या वेळी मी ओसरीवर खुर्ची ठेवलेली नाही. दारावर पाटी लावली आहे, अक्षर तुमच्याइतकं चांगलं नाही, पण ओळ तुमचीच आहे: आत यावे.