माहेरची मिरची आणि रोवण्याचे हात

माझ्या माहेरच्या मिरचीचं बी फक्त माझ्याकडे उरलं होतं. दवनीवाड्याला आई होती तोवर तिच्या परसातल्या वाडीत ती असायची. बुटकी, जाड सालीची, तिखट बेताचीच, पण वाळवून तेलात टाकली की वास शेजारी जायचा. आई गेली, भावानं वाडीच्या जागेवर खोल्या बांधल्या. गेल्या वर्षी डबी उघडली तर चिमूटभर बी. जुनं बी किती उगवेल याचा भरवसा नाही, म्हणून सगळंच पेरलं. तेवीस रोपं झाली.

रोपं लावण्याजोगी झाली तेव्हा गावात धानाचे रोवणे, म्हणजे भाताची लावणी, चालले होते. गुडघे गेल्यापासून मी जात नाही, पण पाणी भरलेल्या बांधीतल्या, धानाच्या खाचरातल्या, बायांचे आवाज ओसरीपर्यंत येतात. चाळीसएक वर्षं मी त्या चिखलात वाकले. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटायचे, मुळं पाण्यात आपटून माती काढायची, पेंड्या बांधायच्या, मग मागं मागं सरकत रोवत जायचं. बाजूला माझी थोरली जाऊ. ती मला टोमणे मारायची, मी तिला. बोटं कुजायची, जळवा लागायच्या. सुख म्हणावं असं त्यात काही नव्हतं. तरी ते आवाज आले की मला घरात बसवत नाही.

त्या दिवशीही बसवलं नाही. वाडीत गेले आणि मिरची लावून टाकली.

पावसानं उघडीप दिली होती. दुसऱ्या दिवशी पानं लोंबली. चौथ्या दिवशी कडा तपकिरी होऊन पापडासारख्या मोडू लागल्या.

"पाणी कमी पडून राहिलं, आई," मुलगा म्हणाला. मी आणखी पाणी सोडलं. मग त्यानं आमगावहून औषध आणून फवारलं. दुकानदारानं रोप न पाहताच बुरशी सांगितली होती. तरी पाच रोपं पार वाळली. डबीत आता एक दाणाही नव्हता. हे गेलं की आईच्या हातचं सगळंच गेलं, एवढं मला कळत होतं.

जाऊ आली ती सरळ वाडीत. मला न विचारता तिनं एक वाळकं रोप उपटलं. मुळाला जुनी माती अजिबात नव्हती. मग तिनं बोट जमिनीत घातलं, ते चिखलानं भरून निघालं.

"कशी काढली वं रोपं?"

"काढतात तशी."

"माती झाडली का?"

तेव्हा मला आठवलं. मूठभर रोपं धरून मी घमेल्यातल्या पाण्यात दोनदा आपटली होती. गवतानं पेंडी बांधून दुपारभर ठेवलीही होती.

"अवं, मिरची आहे का धान? मुळं काऊन धुतली? वरून बांधीसारखं पाणी भरून ठेवलं!"

"हातानं झालं."

"हाताले रोवणा आठवते, डोक्याले काहीच नाही."

खरंच होतं ते.

तिनं प्रत्येक खोड नखानं खरवडलं. आत हिरवं दिसलं ते ठेवलं, सुकलेलं फेकलं. नऊ राहिली. त्यांची कुरकुरीत पानं खुडली, सावलीला पळसाच्या डहाळ्या खोचल्या. पाणी बंद. मुलगा फवारणीचा पंप घेऊन आला तर त्याला म्हणाली, "ते औषध तूच पी बापा."

आठ दिवस मी रोज सकाळी जाऊन बघत होते. नवव्या दिवशी एका बुडख्याला कोंब दिसला. नऊपैकी सहा जगली.

पहिल्या मिरच्या मी झाडावरच लाल होऊ दिल्या. मुलगा ठेच्यासाठी मागत होता, दिल्या नाहीत. बी वाळवून दोन पुड्या केल्या आणि एक जावेला दिली.

यंदा तिनं तिच्या वाडीत रोपं लावली. मी मदतीला गेले, तर म्हणाली, "तू सावलीत बस. हात नोको लावू."

मी बसले.