लिंबाला लागलेला शेंदूर

ऑइलपेंटचा वास आला की मला आमच्या टांगा स्टँडवरचा कडुलिंब आठवतो. एवढा मोठा, की मे महिन्यात सोलापूरचा सूर्यसुद्धा दुपारी त्याच्या सावलीत टेकायचा! त्याखाली एक मावशी भाजक्या शेंगा विकायची. सत्तरच्या दशकात म्युनिसिपालटीनं सिटी बससाठी रस्ता रुंद करायचं ठरवलं आणि तोडायच्या झाडांवर लाल खुणा रंगवल्या. मावशीला तो शेंदूर वाटला. "आई आली की गं माझ्या लिंबात!" ती ओरडली, आणि दुपारपर्यंत इतके नारळ फुटले, की कुंभारीपासून वैरागपर्यंत कालवणाला खोबरं उरलं नाही. पुढच्याच आठवड्यात मुकादम करवत घेऊन आला. म्हणाला, "मावशे, शेंदूर न्हाय त्यो. तोडायची खूण हाय." मावशीनं कपाळ पुढं केलं. "मग हितंबी लाव की एक." मुकादमानं चपला काढल्या, झाडाला हात जोडले आणि मग करवत लावली. मावशी टोपली उचलून गेली, ती त्या रस्त्याला पुन्हा दिसली नाही. अजूनही मी ही गोष्ट रंगवून सांगतो, नारळ दरवेळी वाढतात. त्या चपलांपाशी आलो की मात्र माझ्याच्यानं पुढं बोलवत नाही.