दीदीला केटरर पसंत पडेना

सुभागवती माझी थोरली जाऊ. आम्ही सगळे तिला दीदी म्हणतो. बाई वाईट नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुमचा तसा समज होईल.

आमच्या बेटावर, बुलिलेका गावात कुणाच्या घरी लग्न निघालं की पहिला निरोप पंडितजींना जायचा आणि त्याच्या मागोमाग दीदीला. तांदूळ किती, डाळ किती, भोपळे कुणाच्या मळ्यातून आणायचे, हे ती पडवीत बसल्या बसल्या सांगायची आणि लग्नाच्या आदल्या दिवशी उजाडायच्या आत ओढणी कमरेला बांधून हजर व्हायची. हाताखाली वीसेक बायका. कुणी कणीक मळतेय, कुणी भोपळे चिरतेय, आणि दीदी मधोमध उभी राहून प्रत्येकीला नावं ठेवतेय. "ही पुरी आहे की एखादं बेट?" हे मी नवी नवरी असताना तिच्याकडून चारचौघींत ऐकून घेतलंय. पण तिच्या हातचं भोपळ्याचं कालवण पानात पडलं की माणसं मुकाट्याने जेवायची आणि तिच्या तोंडाला माफ करायची.

मग तिच्या स्वतःच्या मुलीचं, रोनिताचं लग्न ठरलं. रोनिता समुद्रापलीकडे, राजधानीत सुवाला नर्स आहे. मुलगा तिकडच्याच नौसोरीचा, शाळेत मास्तर. सगळं छान जमलं आणि दीदी बोटांवर बायका मोजायला बसली.

"रामरत्तीची सून ऑकलंडला. शांतीच्या घराला कुलूप, सगळे सिडनीला. विद्याचे गुडघे गेले. मग राहिलं कोण? तू."

"दीदी, माझ्या खांद्याचं ऑपरेशन झालंय."

"तुझा खांदा लग्नसराईतच कसा गं दुखतो?"

पुन्हा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. दुसरं बोट काही वळेना. तिच्या लग्नाळू मुलीसाठी चूल पेटवायला गाव उरलंच नव्हतं. भावजी, म्हणजे तिचे यजमान हरिचरण, कधी फारसं बोलत नाहीत. त्या दिवशी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "केटरर बघू या."

दीदीने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू ते म्हणाले होते की मुलगीच भाड्याने आणू या. दोन दिवस त्यांना ताट वाढलं ते न बोलता. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभी. "गाडी काढ."

तेव्हापासून जे सुरू झालं ते झालं. गाडी माझी, पेट्रोल माझं, आणि वर शिव्याही मीच खायच्या.

पहिला केटरर लंबासाच्या बाजारपेठेत, एका दुकानाच्या माडीवर. विनेश नावाचा टाय लावलेला तरुण. त्याने आमच्यासमोर गुळगुळीत रंगीत कार्डं पसरली. सिल्व्हर, गोल्ड, रॉयल. प्रत्येक कार्डावर ताटामागचा दर.

"आँटी, रॉयलमध्ये सूप येतं," तो म्हणाला.

"सूप? कोण आजारी आहे?"

"पाहुणे आल्यावर स्वागताला, आँटी."

"स्वागताला आम्ही हात जोडतो. भोपळा कुठे आहे?"

विनेशने कार्ड उलटं केलं, सुलटं केलं. "भोपळा ऐच्छिक आहे. वेगळे पैसे पडतील."

बुलिलेकाच्या लग्नात भोपळा ऐच्छिक! मला वाटलं, दीदी त्याला टायनेच टांगते. पण ती अगदी शांतपणे म्हणाली, "आणि लहान मुलांचं कसं?"

"दहा वर्षांखाली अर्धा दर."

"बाळा, लग्नात आठ वर्षांचं पोर किती पुऱ्या खातं, कधी बघितलंयस?" आणि उठली. जिना उतरताना मला म्हणाली, "अर्धा दर म्हणे. हा महिनाभरात दिवाळं काढील, आणि याला आपण आगाऊ पैसे द्यायचे!"

दुसरा घरचाच निघाला. भावजींच्या मावसभावाचा मुलगा प्रवीण. "काकी, तुमच्याकडून मी नफा घेणार? घरच्या भावात करतो." घरचा भाव किती, हे काही तो सांगेना. विचारलं की म्हणायचा, "काकी, पैशाचं काय घेऊन बसलात?" ज्याला पैसे घ्यायचेत त्यानेच असं म्हटलं की मी तर पाकीट घट्ट धरते. चवीसाठी डबा आणतो म्हणाला, तो दोनदा आलाच नाही. तिसऱ्यांदा आला तेव्हा डाळ इतकी गार की वर साय धरलेली.

दीदीने चमचा बुडवला, जिभेला लावला आणि डबा बंद करून त्याच्या हातात दिला. "ही डाळ आहे की हिच्यात तू हात धुतलेस?"

झालं. मावसभावाचं घर रुसलं. लग्नाला येणार नाही असा निरोप आला. दीदी म्हणाली, "बरं झालं, तेवढी पानं वाचली."

इकडे पानं वाचत होती ती तिकडे वाढत होती. नौसोरीहून विहीणबाईंचा दर रविवारी फोन. आधी म्हणाल्या, आमची ऐंशी माणसं. मग, "आमच्या मोठ्या नणंदेला विसरलेच की!" ती नणंद एकटी नव्हती, तिच्यामागे चार बिऱ्हाडं होती. मग मुलाच्या शाळेतले मास्तर. शेवटी त्या म्हणाल्या, "बाई, आता आकडा कशाला? एक बस समजा."

"बस केवढी?" दीदीने विचारलं.

"अहो, बस म्हणजे बस!"

दीदीने फोन ठेवला आणि मलाच झापलं. "बसमध्ये माणसं बसलेली मोजायची की उभी?"

रोनिताचं आणखी वेगळंच. व्हिडिओवर आली की नवीन फर्माईश. खुर्च्यांना पांढरे अभ्रे हवेत. गोडाधोडाचं वेगळं टेबल हवं, त्यावर छोटे छोटे केक. "मम्मी, सगळे तसंच करतात." लग्नाचा खर्च निघायचा होता उसाच्या हप्त्यातून आणि रोनिताने पगारातून साठवलेल्या पैशांतून. त्यात केक बसवायचे तर डाळ काढावी लागणार, असं दीदीने सुनावल्यावर रोनिता रडली, मग दीदीने फोन माझ्या हातात दिला. मी खांदा शेकत बसले होते. मला काय ठाऊक केकचं?

वैतागून मी एकदाची बोलून गेले, "दीदी, मेरेओनीला विचार ना. तिची भाजी बरी असते."

मेरेओनी बस-अड्ड्याजवळ रोटीची पार्सलं विकते. काईविती बाई, म्हणजे आमच्यासारखी बाहेरून येऊन वसलेली नव्हे, मूळ इथल्याच मातीतली, पण आपली भाषा आपल्यापेक्षा खणखणीत बोलते. पार्सलांवरून वाढत वाढत आता तिच्याकडे भलीमोठी पातेली, ट्रक आणि सहा माणसं आहेत.

"तुला कशी ठाऊक तिची भाजी?" दीदीचे डोळे बारीक झाले. "तू बाहेरची रोटी खातेस?"

त्या प्रश्नाचं उत्तर अजून चालू आहे, ते सोडा. गेलो आम्ही. मेरेओनीने अर्धा तास बाकावर बसवून ठेवलं. मग दोन वाट्यांत भोपळा घेऊन आली आणि हाताची घडी घालून समोर उभी राहिली.

दीदीने खाल्लं. बराच वेळ तोंड हललं. "मेथी कमी आहे."

"मेथी बरोबर आहे," मेरेओनी म्हणाली. "तुमच्या जिभेला जास्तीची सवय आहे."

"मी तीस वर्षं लग्नं केलीत!"

"मीसुद्धा. फरक एवढाच की माझ्या लग्नांचे मला पैसे मिळतात."

मी वाटीत तोंड घातलं. मेरेओनीचं थांबलं नव्हतं. सप्टेंबरच्या उन्हात केकचं टेबल मांडणार नाही. खुर्च्यांचे अभ्रे तिचं काम नाही. विहीणबाईंनी सांगितलेल्या आकड्यापेक्षा ती जास्तच शिजवणार आणि त्याचे पैसे घेणार, कारण जहाजाने येणारं वऱ्हाड कधी मोजून येत नाही. "आणि शेवटचं. लग्नाच्या दिवशी नवरीची आई माझ्या स्वयंपाकाच्या शेडमध्ये पाऊल टाकणार नाही. कबूल असेल तर बोला."

दीदी ताडकन उठली. परतीच्या वाटेत ऊस तोडून घेतलेल्या मोकळ्या शेतांकडे बघत राहिली. घराशी उतरताना दार इतक्या जोरात आपटलं की माझा आरसा निखळला. "उद्धट बाई! मला माझ्याच मांडवातून बाहेर काढते!" मग दोन पावलं जाऊन मागे वळली. "तिला सांग, ठरलं."

"काय?"

"ठरलं म्हणतेय ना! बाकीच्यांनी सगळ्याला हो हो म्हटलं. हो म्हणणारा माणूस ऐन वेळी पळतो. ही बया भांडायला तरी जागेवर सापडेल."

एवढ्यावर भागलं असतं तर ती आमची घरं कसली! सेअंगाग्याहून फुआ आल्या, आमच्या सासऱ्यांच्या बहीण. त्यांनी खाटेवर बसल्या बसल्या जाहीर केलं, "काईवितीच्या हातच्या पुऱ्या मांडवात? पंडितजी काय म्हणतील?"

आठवडाभर मेरेओनीला शिव्याशाप देणारी दीदी आता तिच्या बाजूने उभी राहिली. "फुआ, देवाचा प्रसाद मी घरात करीन. बाकीच्या पुऱ्या तुम्ही लाटताय का? पोळपाट देते. तुमच्या चारी सुना बोलवा की मेलबर्नहून."

फुआंनी पोळपाट काही मागितला नाही. पंडितजींना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "प्रसाद घरचा ना? मग मला काय विचारता? आणि भोपळा मेरेओनीचा असेल तर माझ्यासाठी थोडा बाजूला ठेवा."

लग्नाच्या दिवशी नबौवालूच्या धक्क्याला जहाजच उशिरा लागलं. मुहूर्त टळायच्या बेतात आला. पुरुषमंडळी सकाळपासून नंगोना, म्हणजे मुळांचं गुंगी आणणारं पेय, पीत बसली होती, त्यांचे डोळे जड झाले होते. दुपार कलली तेव्हा रस्त्यावर ढोलक ऐकू आलं, आणि एकीच्या जागी दोन बसेस वळणावरून आल्या. दुसरी गच्च भरलेली.

दीदीचा चेहरा पांढरा पडला. नवरीच्या आईने आरतीचं ताट घेऊन पुढे व्हायचं, तर ही ताट माझ्या हातात कोंबून स्वयंपाकाच्या शेडकडे धावली, नवी रेशमी साडी गुडघ्यापर्यंत धरून. मी ताटासकट मागे. दारात मेरेओनी उभी, हातात लांब दांड्याचा झारा.

"बाहेर."

"दोन बसेस आल्यात! भात पुरणार नाही!"

"भाताचं दुसरं पातेलं चढलंय. बाहेर."

"माझ्या मुलीचं लग्न आहे!"

"मग तिकडे जा ना! इथे कुणाचं लग्न आहे?"

दीदी उंबऱ्याशी थिजली. आत भात वाफाळत होता, पुऱ्या टम्म फुगत होत्या, सहा जण न बोलता काम करत होते आणि कुणालाच तिची गरज नव्हती. मला वाटलं, आता रडणार. "दीदी, चल गं, वऱ्हाड उभं आहे," मी म्हणाले. ती वळली आणि माझ्या हातून ताट घेतलं. नवरदेवाला ओवाळताना तिची नजर एकदाही शेडकडे गेली नाही. मुलाच्या हातात मुलीचा हात पडताना, फेरे होताना, ती सबंध वेळ तिथे होती. इतरांच्या लग्नांत तिने फेरे कधी पाहिलेच नव्हते.

पुरलं का? डाळ, भात, पुऱ्या, चिंचेची चटणी, सगळं सगळ्यांना पुरलं. भोपळा मात्र शेवटच्या पंगतीला संपला. मेरेओनी स्वतः मांडवात आली, दीदीच्या कानाशी वाकली. "मागच्या खोलीत चार भोपळे दिसले मघाशी. घेऊ?"

"ते बियाण्याचे आहेत."

"घेऊ की नको?"

"घे. आणि मेथी नीट टाक."

"टाकते, बाई, टाकते!"

रोनिता गेली. दीदी दोन दिवस झोपून राहिली. तिसऱ्या दिवशी मेरेओनी उरलेल्या हिशेबाला आली. दोघींनी पडवीत बसून जास्तीच्या बसवरून तासभर कडाक्याचं भांडण केलं. भावजी उठून गोठ्यात गेले. शेवटी मेरेओनीने अर्ध्या बसचे पैसे सोडले आणि उठता उठता म्हणाली, "शनिवारी ताबिया गावात लग्न आहे. माझी भोपळ्याची बाई न्यूझीलंडला गेली. येता का? दिवसाचा रोज देईन."

"मी? पैसे घेऊन?"

"फुकट आलात तर तुम्ही मलाच शेडबाहेर काढाल."

गेली ती. आयुष्यात पहिल्यांदा पैसे घेऊन गेली, अठ्ठावन्नाव्या वर्षी. आता बहुतेक शनिवारी जाते. संध्याकाळी हातपाय न धुता आधी माझ्याकडे येते आणि मेरेओनीने जिरं कसं जाळलं, पोरांना कणीक कशी मळता येत नाही, ती बाई कशी कुणाचं ऐकत नाही, हे सगळं सांगते. मी म्हटलं, "एवढा त्रास होतो तर सोड ना."

"सोडू? आणि तिकडे कालवण कोण बघणार, तू?" ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी सकाळी गाडी काढ. ट्रकमध्ये माझी कंबर मोडते."